काट्याचं वजन, तुटलेली नावं आणि स्वतःचा स्ट्रीम हँडलर

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यासाठी) गाड्या तोलायच्या काट्याचं सॉफ्टवेअर लिहून राहिलो. पीएचपी, लिनक्स आणि एक जुना कॉम्प्युटर, बस्स. दोन गोष्टी अडल्या. दोन्ही स्ट्रीमच्याच, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं येणाऱ्या डेटाच्याच वाटतात म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

पहिली. मागच्या हंगामांच्या पावत्यांची मोठी सीएसव्ही फाइल आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, भरलं वजन, खाली (रिकाम्या गाडीचं) वजन, ओलावा. 'फाइल_गेट_कंटेंट्स'नं उघडली की मेमरी संपल्याची एरर. म्हणून 'एफरीड'नं ८१९२ बाइटचे तुकडे घेतले आणि एकेक तुकडा 'जेसन_एन्कोड' करून ब्राउझरकडे पाठवला. तर कुठे फॉल्स (म्हणजे 'जमलं नाही') येते, आणि चुकीचे बाइट बदलून टाकायचा फ्लॅग लावला की नावाच्या मधातच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. समुद्रपूर हे गाव दहा ओळीत बरोबर, अकराव्या ओळीत 'समु'च्या पुढे चौकट.

दुसरी. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) सिरियल केबलवर वजन पाठवते, सतत, कोणी विचारो न विचारो. ते फाइलसारखं वाचता यावं म्हणून 'काटा' नावाचा स्ट्रीम रॅपर लिहून राहिलो. कधी पूर्ण वजन येते, कधी अर्धं. आणि कधी कधी काट्यावर भरलेली गाडी उभी असते अन् पडद्यावर मागच्या खाली गाडीचं वजन! काऊन होऊन राहिलं हे?

कोड मोबाइलवरून टाकता येत नाही, शब्दात सांगतो.

खारपाण
भाऊ, आधी एवढं सांगा: साधं प्रश्नचिन्ह दिसतं की चौकटीतलंच? साधं असेल तर फाइल सेव्ह करतानाच कोणीतरी मराठी मारून टाकली, ती परत येत नाही. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की हेच होतं, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) वाली सीएसव्ही निवडावी लागते. चौकटीतलं असेल तर मूळ फाइल बहुतेक धड आहे, वाचणारा चुकतोय.

पऱ्हाटी
चौकटीतलंच. फाइल एडिटरमध्ये उघडली तर सगळे गावं जागच्या जागी.

रेचा
मग भानगड फाइलची नाही, ८१९२ ची आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. 'विदर्भ' म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, हलन्त, भ. सहा चिन्हं, १८ बाइट. 'क्ष' एकटा ९ बाइट. आता ८१९२ ला ३ ने भागा: २७३० पूर्ण चिन्हं आणि २ बाइट शिल्लक. नुसतं मराठी असेल तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एका चिन्हाचे दोन बाइट आणि पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी तिसरा. तुमच्या फाइलीत स्वल्पविराम, आकडे आणि ओळीचा शेवट हे एकेक बाइटचे आहेत, त्यामुळे तुटायची जागा दर वेळी सरकते. म्हणून दहा ओळी बरोबर आणि अकरावी चूक.

'जेसन_एन्कोड'ला अर्धवट चिन्ह दिलं की तो सरळ फॉल्स देतो. 'एचटीएमएल_स्पेशल_चार्स' तर त्याहून वाईट. जुन्या पीएचपीत तो अख्खी ओळच रिकामी करून परत द्यायचा, आणि माणूस डेटाबेसमध्ये नाव शोधत बसायचा.

तुकडा कुठे तुटेल हे वाचणाऱ्याच्या हातात नसतं. शेवटी जे अर्धवट राहिलं ते सांभाळून पुढच्याला जोडणं मात्र त्याच्या हातात असतं. स्ट्रीम हँडलर लिहिणं म्हणजे ऐंशी टक्के ही शिल्लक सांभाळणं, बाकी सगळं मेथडची नावं पाठ करणं.

तर्री_पोहे
वाखू (वाचनखूण) साठवली. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

मोसंबी_काटोल
इतकं कशाला? ओळ-ओळ वाचा. 'एफगेट्स' लावा, प्रश्न मिटला. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की अनेक बाइटच्या चिन्हातला कुठलाही बाइट १२८ च्या खाली येत नाही. ओळीच्या शेवटाचा बाइट म्हणजे १०. तो मराठी अक्षराच्या पोटात सापडणारच नाही. म्हणजे ओळीवर तोडलं की अक्षर कधीच तुटत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर ही रचना आखली. तेव्हा समुद्रपूर त्यांच्या डोक्यात असेल असं नाही, पण कामात आपल्या आली.

रेचा
मान्य, पण सीएसव्ही आहे. एखाद्याच्या पत्त्याच्या रकान्यात अवतरणचिन्हात ओळ मोडली असेल तर 'एफगेट्स' एका नोंदीच्या दोन करतो. त्यापेक्षा 'एफगेटसीएसव्ही' घ्या, त्याला अवतरणं कळतात. वर जनरेटर (मागेल तेव्हा एकच नोंद देणारं फंक्शन) लावून एकेक नोंद यील्ड करा, मेमरी जागची हलणार नाही. आणि एक्सेलवाल्या फाइलीच्या सुरुवातीला ३ बाइटचा बीओएम (फाइल युनिकोड असल्याची न दिसणारी खूण) असतो, तो टाकून द्या. नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव कधीच जुळत नाही, आणि दिसायला मात्र अगदी जुळतं.

पऱ्हाटी
पहिली गोष्ट 'एफगेटसीएसव्ही'नं सुटली, आभार भाऊ. पण खरी गंमत आता सांगतो. त्याच्याही आधीच्या फाइली क्रुतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. मुनीमजींनी सगळं त्या फॉन्टात टाइप केलेलं. आधी पूर्ण फाइल बदलून ठेवू की वाचता वाचताच युनिकोड करता येते?

तर्री_पोहे
क्रुतिदेव! बसा आता.

रेचा
वाचता वाचता करता येतं, आणि स्वतःचा फिल्टर लिहायला याहून चांगलं निमित्त नाही.

इथे रॅपर नको, फिल्टर पाहिजे. यात लोकांचा घोळ होतो. रॅपर म्हणजे डेटा कुठून येतो ते: फाइल, नेट, काटा. फिल्टर म्हणजे आलेल्या डेटाचं वाटेत काय करायचं ते. पीएचपी ५ पासून 'पीएचपी_यूझर_फिल्टर' नावाचा क्लास आहे. तो वाढवून 'फिल्टर' मेथड लिहायची, 'स्ट्रीम_फिल्टर_रजिस्टर'नं नाव द्यायचं, उघडलेल्या फाइलीला 'स्ट्रीम_फिल्टर_अपेंड'नं जोडायचं. पुढचा सगळा कोड जणू फाइल युनिकोडच आहे असं समजून चालतो.

आता क्रुतिदेवची अडचण. तो जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या क्रमाने चालतो, म्हणजे दिसतं तसं लिहायचं. ऱ्हस्व वेलांटी इंग्रजी एफच्या जागी, आणि ती अक्षराच्या आधी येते. रफार मोठ्या झेडच्या जागी, आणि तो अक्षराच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये दोन्ही उलट: वेलांटी अक्षराच्या मागून, रफाराचा 'र' आणि हलन्त अक्षराच्या आधी. 'विदर्भ' या एका शब्दात दोन्ही आहेत, सुरुवातीला वेलांटी आणि शेवटी रफार. तुकडा एफवर संपला तर ती वेलांटी कोणाची ते पुढचा तुकडा आल्याशिवाय कळत नाही. आणि तुकडा 'भ'वर संपला तर पुढे रफार येणार आहे की नाही हे माहीत नाही. तुम्ही 'भ' पुढे पाठवून मोकळे झालात तर रफार नंतर कुठे घालणार?

म्हणून अक्षर-अक्षर हिशेब करत बसू नका. शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत किंवा ओळीपर्यंतचं बदलून पुढे द्या, उरलेला अर्धा शब्द क्लासच्या प्रॉपर्टीत ठेवा, पुढच्या तुकड्याच्या आधी जोडा. शब्दाच्या बाहेर ना वेलांटी जाते ना रफार.

तीन ठिकाणी ठेच लागते. एक, किती बाइट गिळले ते 'कन्झ्यूम्ड'मध्ये मिळवत जायचं, लोक विसरतात. दोन, तुकड्यात एकही पूर्ण शब्द नसेल तर 'पास ऑन' नाही, 'फीड मी' परत करायचं, म्हणजे पीएचपीला कळतं की अजून माल पाहिजे. तीन, आणि इथेच सगळ्यांचे फिल्टर मरतात: स्ट्रीम बंद होताना 'क्लोजिंग' खरं करून एक शेवटची हाक येते. त्या वेळी आत बहुधा एकही बकेट (आलेल्या डेटाचा तुकडा) नसते, पण तुमच्याकडे शिल्लक शब्द असतो. 'स्ट्रीम_बकेट_न्यू'नं नवी बकेट करून तो बाहेर काढायचा. नाहीतर फाइलीतलं शेवटचं गाव गायब, आणि ते फक्त त्याच फाइलीत, जिच्या शेवटी मोकळी ओळ नाही.

खारपाण
यात एक भर. क्रुतिदेवच्या फाइलीत गाडी नंबर आणि आकडेही असतात. ते वेगळ्या फॉन्टात होते की क्रुतिदेवमध्येच, हे सीएसव्हीत गेल्यावर कळत नाही, कारण फॉन्ट फाइलीत राहतच नाही. अख्ख्या ओळीवर फिल्टर चालवला तर 'एमएच ३२' चं भलतंच मराठी होतं. माझं मत: स्ट्रीमवर फिल्टर न लावता 'एफगेटसीएसव्ही'नं रकाने सुटे करा आणि फक्त नाव-गावाचे दोन रकाने बदला. रकाना पूर्णच मिळतो, शिल्लक सांभाळायची गरजच नाही.

रेचा
हे पटलं. सीएसव्हीसाठी खारपाण म्हणतात तेच करा. नुसता मजकूर असलेल्या फाइली असतील, पत्रं, ठराव वगैरे, तर फिल्टर.

मोसंबी_काटोल
म्हणजे एवढा फिल्टर वाचून घेतला तो फुकट 😀

रेचा
फुकट कसा, काट्याला लागणार आहे तेच डोकं.

वैनगंगा
काट्याच्या गोष्टीवर मी बोलते. आमच्या भागात, भंडाऱ्याकडे, राइस मिलच्या काट्यावर हेच काम केलं आहे. पायथनमध्ये, पण तत्त्व तेच.

पऱ्हाटीभाऊ, तुमचा इंडिकेटर ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) असेल तर एका बाइटला स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. वजनाची एक फ्रेम, म्हणजे एका वजनाचा पूर्ण संदेश, समजा १६ बाइटची, तर सेकंदाला ६० फ्रेमा. पण ऑपरेटिंग सिस्टिमला फ्रेम माहीत नसते. तिला बाइट माहीत. तुम्ही वाचाल त्या क्षणी जितके जमले असतील तितके ती देते: पाच, सोळा, नाहीतर एकवीस. म्हणून कधी अर्धं वजन, कधी दीड.

फ्रेमेची सुरुवात आणि शेवट ओळखायची खूण इंडिकेटरच्या माहितीपुस्तकात असते. बऱ्याचदा सुरुवातीला बाइट २ आणि शेवटी ३ किंवा १३. पोर्ट उघडल्यावर पहिली सुरुवातीची खूण दिसेपर्यंत सगळं टाकून द्या, कारण तुम्ही कोणत्या फ्रेमच्या मधात शिरलात ते माहीत नाही. मग खूण ते खूण जमवा, लांबी तपासा, बसत नसेल तर ती फ्रेम सोडा. पुढची लगेच येतेच आहे.

पोर्ट 'एसटीटीवाय'नं 'रॉ' (बाइट जसेच्या तसे देणारा) करा आणि एको बंद करा, नाहीतर लिनक्स इंडिकेटरनं पाठवलेलं त्यालाच परत ऐकवत बसतं.

पऱ्हाटी
ताई, हे समजलं. पण मागच्या गाडीचं वजन कुठून येते?

वैनगंगा
ते तुमच्या बटनामुळे. तुम्ही पोर्ट सकाळीच उघडून ठेवता आणि वाचता फक्त 'वजन घ्या' दाबल्यावर, बरोबर? मधल्या वेळात इंडिकेटर गप्प बसत नाही. येईल ते बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतं. बटन दाबलं की रांगेत सगळ्यात पुढे असलेलं, म्हणजे सगळ्यात जुनं वजन मिळतं. आणि बफर पूर्ण भरला की नवीन बाइट गळतात, जुने पुढेच उभे राहतात. खाली गाडी निघून गेलेली, भरलेली येऊन उभी, आणि तुमच्या हातात खाली गाडीचा आकडा. हंगामात गेटवर गाड्यांची रांग असताना ही पावती निघाली तर शेतकरी तुमच्या कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

उपाय दोन. बटन दाबल्यावर आधी इनपुट बफर रिकामा करा, अर्धी फ्रेम सोडा आणि मग पहिली पूर्ण फ्रेम घ्या. किंवा वाचणारा वेगळा प्रोग्राम सतत चालू ठेवा. तो सगळं वाचतो आणि फक्त शेवटचं वजन आणि त्याची वेळ ठेवतो. मी दुसरा वापरते. वेळ ठेवण्याचा फायदा असा की केबल निघाली तर वजन 'जुनं' झाल्याचं कळतं. नाहीतर पडद्यावर शेवटचा आकडा दिमाखात तसाच.

रेचा
इथे दोन्ही गोष्टींतला फरक नीट पाहा. पावत्यांच्या फाइलीत एक बाइट सांडला तरी गुन्हा. काट्याच्या स्ट्रीममध्ये जुनं जपणं हाच गुन्हा.

वाचणारा मंद आणि पाठवणारा वेगवान असेल तर तीनच वाटा असतात. पाठवणाऱ्याला थांबवा, मधात साठवा, नाहीतर टाकून द्या. फाइल थांबते, तुम्ही मागाल तेव्हाच देते. दोन प्रोग्रामांमधला लिनक्सचा पाइप ६५५३६ बाइट भरला की लिहिणाऱ्याला तिथेच रोखून धरतो. नोडजेएसमध्ये (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) 'राइट' फॉल्स देतो, म्हणजे 'ड्रेन' येईपर्यंत थांब, पण तो तुम्हाला रोखत नाही, नुसतं सांगतो. न ऐकता लिहीत राहिलं की मेमरी फुगत जाते. इंडिकेटर तर बहुधा कोणाचंच ऐकत नाही. मग साठवायचं किती आणि टाकायचं काय हे तुम्हीच ठरवा, नाहीतर बफर ठरवतो.

पऱ्हाटी
मग माझ्या रॅपरचं काय करू? 'स्ट्रीम_ओपन', 'स्ट्रीम_रीड', 'स्ट्रीम_इओएफ' लिहून ठेवले आहेत. वजन नसलं की रीडमधून रिकामी स्ट्रिंग देतो. तर वरचा 'व्हाइल' लूप प्रोसेसर शंभर टक्क्यावर नेते.

रेचा
कारण रिकामी स्ट्रिंग म्हणजे 'आत्ता काही नाही' आणि इओएफ म्हणजे 'आता कधीच काही नाही'. तुमचा लूप इओएफची वाट पाहतोय, काट्याला इओएफ येत नसतो, मधात झोपायला कोणी सांगितलं नाही. रीडमध्येच थोडा वेळ थांबा, नाहीतर 'स्ट्रीम_सिलेक्ट' (डेटा येईपर्यंत थांबणारं फंक्शन) वापरा. स्वतःच्या रॅपरवर सिलेक्ट चालायला 'स्ट्रीम_कास्ट' मेथड लिहावी लागते आणि तिनं आतला खरा पोर्ट परत द्यावा लागतो.

आणखी काही. मागितलेल्यापेक्षा जास्त बाइट रीडमधून परत देऊ नका, वरचे फेकले जातात. साध्या फाइलीवर 'एफरीड'ला २०००० मागितले तर २०००० मिळतात, पण रॅपरवर एका हाकेत एकच वाचन होतं, सहसा जास्तीत जास्त ८१९२. 'फाइल_एक्झिस्ट्स' चालायला 'यूआरएल_स्टॅट' लागतं. प्रोटोकॉलच्या, म्हणजे रॅपरला दिलेल्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब, अधिक आणि आडवी रेघ एवढंच. अंडरस्कोअर टाकला की रजिस्टरच होत नाही.

वैनगंगा
पायथनमध्ये हा फरक जास्त स्वच्छ आहे. 'रॉआयओबेस' वाढवून 'रीडइंटू' लिहायचं. शून्य परत दिलं म्हणजे संपलं, 'नन' दिलं म्हणजे आत्ता काही नाही. त्यावर 'बफर्डरीडर' आणि 'टेक्स्टआयओरॅपर' चढवला की ओळी वाचणं आणि तुटलेली अक्षरं जोडणं फुकटात. पण भाऊ, खरं विचाराल तर काट्यासाठी पीएचपीचा रॅपर हा हट्ट आहे. पायसिरियलचा (पायथनची सिरियल पोर्टची लायब्ररी) छोटा प्रोग्राम पोर्ट सांभाळू द्या, पीएचपीनं त्याला लोकल सॉकेटवर शेवटचं वजन विचारावं.

मोसंबी_काटोल
ताईंना अनुमोदन. पोर्ट एकाच प्रोग्रामनं धरावा. दोन टॅबमधून दोघांनी वाचलं तर अर्धे बाइट याला आणि अर्धे त्याला.

पऱ्हाटी
हाव, ते पटलं. रॅपर काट्याचा नाही करत. मग शिकलेला रॅपर वाया जाते का?

रेचा
उलट, चाचणीला ठेवा. 'ठिबक' नावाचा रॅपर करा. आतली फाइल तीच, पण 'स्ट्रीम_रीड' काहीही मागितलं तरी एकच बाइट देतो, नाहीतर एक ते सात बाइट, मनाला येईल तसे. तुमचा क्रुतिदेवचा फिल्टर, फ्रेम जमवणारा क्लास, सगळे ठिबकमधून चालवा. मोठ्या तुकड्यात लपलेली प्रत्येक चूक पहिल्या मिनिटात बाहेर येते. जिनिंगवर एकदा जाऊन काट्याचे कच्चे बाइट जसेच्या तसे फाइलीत उतरवून आणा, रिकामा काटा, गाडी चढताना, स्थिर, उतरताना. मग घरी बसून हवं तितकं वाजवा. दर वेळी गाडी कोण आणून उभी करणार?

खारपाण
गाडी चढतानाचं रेकॉर्डिंग विसरू नका. वजन वर-खाली हलत असतं. काही इंडिकेटर स्थिर-अस्थिरची खूण फ्रेममध्येच देतात. देत नसेल तर लागोपाठच्या काही फ्रेमा सारख्या येईपर्यंत बटन बंद ठेवा.

पऱ्हाटी
रेकॉर्डिंग आणलं. ठिबकमधून फ्रेमा बरोबर सुटून राहिल्या. पण आता नवंच. इंडिकेटरवर १२३४० दिसते आणि फ्रेममध्ये ०४३२१ येते. माझा क्लास उलटं जोडून राहिला का?

वैनगंगा
क्लास ठीक आहे. काही इंडिकेटर एकक आधी आणि दशसहस्र शेवटी, असे उलट क्रमानं आकडे पाठवतात. रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या स्थिर फ्रेमा काढून पाहा. ट्रकचा काटा सहसा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो, म्हणजे एककाच्या जागी ० किंवा ५ शिवाय काही येत नाही. प्रत्येक फ्रेमचा पहिला आकडा ० किंवा ५ च असेल आणि शेवटचा वाटेल तो, तर इंडिकेटर उलटाच आहे. उलटवून घ्या. आणि दशांश चिन्ह असेल तर तेही सोबत उलटतं, ते आधी बाजूला काढू नका.

पऱ्हाटी
सगळ्यात पहिला आकडा ० नाहीतर ५. उलटाच हाय.